एका दमाचं वाक्य

माझी वहिनी माणसाचं बोलणं ऐकून त्याच्या छातीत काय चाललंय ते ओळखायची. अख्ख्या वस्तीचं ओळखायची. आणि तिच्या स्वतःच्या घरातला माणूस बोलायचा बंद झाला, तेव्हा बाईसाहेबांना वाटलं, नवरा रुसलाय! हे आठवलं की मला आधी राग येतो, मग रडू येतं. राग दोघांचाही येतो, कारण दादाही काही कमी शहाणा नव्हता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लाकडाच्या वखारीत आरायंत्रावर कामाला होता, उमेदीचं सगळं वय तिथेच गेलं. ओंडका यंत्रावर चढवायचा, पात्याला लावायचा, फळ्या पाडायच्या. भुसा इतका उडायचा की संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळट. वहिनी दारातच फडकं घेऊन उभी असायची. "आत येऊ नका, आधी झटका," म्हणायची. आणि झटकताना हा माणूस गप्प बसेल तर शपथ! कोणाचा ओंडका आतून पोकळ निघाला, मालक कोणावर खेकसला, कोणाची कशी फजिती झाली, सगळं अंगावरच्या भुशाबरोबर दारातच सांडायचा. वखारीत त्याला 'रेडिओ' म्हणायचे. यंत्र एवढं किंचाळायचं, तरी ह्याचा आवाज त्याच्या वरून जायचा.

वहिनीला सगळे 'सालवाली' म्हणायचे. वखारीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची खोली, पत्र्याचं दार, आणि दार आणि भिंत यांच्यामध्ये एक जुनं शिरीषाचं झाड. मी समोरच्याच खोलीत राहते, खिडकीत माझं शिवणाचं मशीन आहे. त्यामुळे त्या घरातलं मला दिसत नाही, ऐकू येत नाही, असं फार थोडं आहे. मालकाला ते झाड तोडून तिथे शेड टाकायची होती. दादाने बोलून बोलून त्याचं डोकं उठवलं. शेवटी मालक म्हणाला, "राहू दे बाबा तुझं झाड, पण तू आता गप्प बस."

त्या झाडाच्या सालीवर वहिनीचं सगळं चालायचं. साल सावलीत वाळवायची, कुटायची, पाणी निम्म्याहून खाली येईपर्यंत मंद आचेवर आटवायची. तो काढा कडू, कोणाचंही तोंड वाकडं व्हावं असा. ढास लागली की बेहड्याची भाजलेली साल गालात धरायला द्यायची. नाक चोंदलं की निलगिरीच्या पानांचा वाफारा. पाण्याच्या टाकीपाशी निलगिरीची झाडं आहेत, तिथून पानं आणायचं काम माझ्याकडे. "वन्सं, तुमचे पाय अजून धड आहेत," असं म्हणून मला पिटाळायची. तिचे पाय माझ्यापेक्षा धड होते, पण जाऊ दे.

झाडाकडून साल घेण्याची तिची एक रीत होती. तळहाताएवढाच तुकडा काढायचा, तोही एकाच बाजूचा. जखमेला ओली माती थापायची आणि तिच्या कडा मिटून येईपर्यंत त्या बाजूला हात लावायचा नाही. साल गोल फिरवून काढली की झाड मरतं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. एकदा कोणीतरी तिच्या माघारी मोठा पट्टा सोलून नेला, तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून अशी काही बोलली की चोर कोण ते कळलं नाही, पण चार निर्दोष माणसं रस्ता बदलून जायला लागली.

आणि माणसांसाठीही तिचा एक नियम होता. तो कुठून आला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिचे वडील झाडं तोडायचं काम करायचे. आईला सालीची विद्या होती, तिच्याकडूनच हिला आली. वडिलांना धाप लागायला लागली तेव्हा आईने काढा सुरू केला. धाप वाढली, तसा आईने काढाही वाढवला. लोक म्हणाले, दवाखान्यात न्या. ती म्हणाली, माझ्या हाताला गुण आहे, धाप जाणार नाही म्हणजे काय. काढ्याचा पेला ओठांना लागलेला असतानाच ते गेले. त्यानंतर आईने पातेलं अंगणात भिरकावून दिलं आणि उरलेलं आयुष्य भिंतीकडे तोंड करून बसून काढलं. कोणी खोकलं तरी कानावर हात ठेवायची. वहिनी तेव्हा लग्नाच्या वयाची होती. तिने ते सगळं डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून तिचा नियम. आलेल्या माणसाने आधी एक वाक्य एका दमात म्हणायचं. मध्ये श्वास घ्यायचा नाही. शेवटपर्यंत पोचला तर काढा मिळणार. मध्येच अडकला तर सरळ दवाखाना. "मी खोकल्याची बाई आहे," ती म्हणायची. "दम माझ्या हातातला नाही. चला, उठा, रिक्षा थांबवा." मग कोणी कितीही हातापाया पडो. दूरच्या वस्तीतून आलेली एक बाई तिला नाही नाही ते बोलली होती, गुर्मी चढली म्हणाली. वहिनीने ऐकून घेतलं आणि स्वतः तिला रिक्षात बसवून दवाखान्यात सोडून आली.

ते वाक्य दादाने बनवलं होतं. लग्नाला नुकतंच वर्ष झालेलं असताना. आधी ती लोकांना नुसता घरचा पत्ता म्हणायला लावायची. दादा म्हणाला, ह्यात काय मजा? आणि तिथल्या तिथे त्याने जुळवलं: "वखारीच्या मागे, शिरीषाच्या झाडाखाली, पत्र्याच्या दाराआड एक तापट बाई राहते आणि तिचा गरीब बिचारा नवरा तिची बोलणी खातो."

वहिनी लाजली, चिडली, फडकं घेऊन त्याच्या मागे धावली. पण वाक्य लांबीला नेमकं बसलं होतं. चांगल्या छातीचा माणूस ते सहज पुरं करायचा आणि शेवटी हसायचा. हसल्यावर खोकला किती खोल आहे तेही तिला कळायचं. मग तेच कायम झालं. सगळ्या वस्तीने कधी ना कधी त्या दारात उभं राहून म्हटलंय की आत एक तापट बाई राहते. मी स्वतः सर्दी नसतानाही म्हटलंय.

ऐकताना ती डोळे मिटायची. मी एकदा विचारलं होतं, "एवढं काय ऐकतेस गं?" म्हणाली, "शब्द नाही ऐकत. मधल्या जागा ऐकते."

तर असं सगळं असताना दादा गप्प झाला.

एका दिवसात नाही झाला. आधी वखारीतल्या गोष्टी कमी झाल्या. मग दारात झटकताना नुसतं "हं" आणि "हो". लांब दिलेल्या मुलीचा फोन यायचा, तर "कशी आहेस" एवढं विचारून लगेच "आईशी बोल" म्हणून फोन वहिनीच्या हातात. लेक नाराज झाली. मला म्हणाली, "आत्या, बाबांना माझ्याशी बोलावंसं वाटत नाही का गं?" वखारीत त्याच्या जोडीदारांनी थट्टा सुरू केली, रेडिओच्या बॅटऱ्या संपल्या म्हणून. तो हसायचा आणि हातानेच 'चल हट' करायचा. यंत्राशेजारी सगळे हातवाऱ्यांनीच बोलतात, त्यामुळे तिथे त्याचं निभावून जायचं. खोकला होताच, पण वखारीत काम करणाऱ्या कोणाला खोकला नाही? वाक्य काय ते बाहेरच्यांना, घरच्या माणसाला वहिनी रोज संध्याकाळी तसाच काढा द्यायची, समोर बसायची, विचारायची, "कसं वाटतंय?"

"मोकळं," तो म्हणायचा. एकच शब्द.

तिने काढा जास्त आटवून बघितला. बेहडा मधात कालवून दिला. तो सगळं घ्यायचा, पेला रिकामा करून उपडा दाखवायचा, लहान मूल दाखवतं तसा, आणि "मोकळं" म्हणायचा. ती खूश व्हायची. आपला काढा लागू पडतोय, असं तिला वाटायचं. पण तो बोलत का नाही, हे कोडं तिला आतून खात होतं. एक दिवस दुपारी ती माझ्याकडे आली, मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि कापडाची चिंधी बोटाला गुंडाळत राहिली.

"वन्सं, ह्यांना माझा कंटाळा आलाय," ती म्हणाली.

"काहीतरीच काय! ह्या वयात?"

"ह्या वयातच येतो. काल विचारलं, मुलीकडे जायचं का चार दिवस. तर म्हणाले, 'बघू.' परवा विचारलं, माझं काही चुकलं का. तर नुसतं मानेने 'नाही'. माणसाने भांडावं तरी! भांडायलाही मी नको झालेय." आणि रडायला लागली. वहिनीला रडताना मी फार कमी पाहिलंय. मला दादाचा असा संताप आला की उठून वखारीत जाऊन चारचौघांत त्याला झापणार होते. तिनेच मला हाताला धरून बसवलं.

तसं तिने रात्रंदिवस त्याच्या अबोल्याकडे लक्ष दिलं. ज्या कानांनी ती लोकांचा दम मापायची, त्या कानांना हा माणूस मापायला काही देतच नव्हता. एका शब्दात मधली जागा कुठून येणार? तिचा नियम त्याने आयुष्यभर ऐकला होता. त्याला पक्कं ठाऊक होतं, किती बोललं की पकडलं जाईल.

पकडला गेला तो एका आंधळ्या आजोबांमुळे.

त्या दिवशी सकाळी वहिनी साल काढत होती. मी टोपली धरून उभी होते. झाडाच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या, भिंतीपलीकडे आरायंत्र चालू होतं. तिकडे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं, तेव्हा ऐकू आला तो नुसता खोकला. वखारीच्या फाटकाशी कोणीतरी आलं. काठी टेकत, खोकत, आणि मोठ्याने विचारत, "सालवाली बाई कुठे राहते?" नेहमी अशा वेळी दादा हाताने भिंतीकडे दाखवायचा, माणूस वळसा घालून यायचा. पण आजोबांना हात दिसणार कसा? ते परत विचारायला लागले. "कुठे? जरा नीट सांगा हो, मला दिसत नाही."

मग आम्हाला भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं. यंत्राच्या आवाजात शब्द कळत नव्हते, आवाज कोणाचा तेही कळत नव्हतं, घोगरा, कुजबुजल्यासारखा. मध्येच तुटायचा. परत थोडा यायचा. परत तुटायचा.

वहिनीची सुरी थांबली. तिने डोळे मिटले.

"हा बघा," ती हळूच म्हणाली. "दोन शब्द आणि श्वास. दोन शब्द आणि श्वास. हा माझ्याकडे कशाला आला? ह्याला तर कधीच न्यायला हवं होतं." आणि मग तिला चीड आली, येतेच तिला. "घरात बाई नाहीये का ह्याच्या? काय कानात बोळे घालून बसलीये ती?"

मलाही वाटलं, आलेला माणूसच तो.

थोड्या वेळाने भिंतीला वळसा घालून आजोबा आले. दादाने त्यांचा हात धरला होता. वाट दाखवता येत नव्हती, म्हणून स्वतःच घेऊन आला होता. वहिनी पुढे झाली, आजोबांना म्हणाली, "आजोबा, रागावू नका, पण मी तुम्हाला काढा देणार नाही. तुमचा दम मी भिंतीपलीकडून ऐकला. तुम्ही आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

आजोबा हसले. खणखणीत आवाजात, एका दमात म्हणाले, "अहो बाई, मला नुसता घशाचा खोकला आहे, दम माझा चांगला ठणठणीत आहे. पण ह्या गृहस्थांचं मात्र बघा काहीतरी, मला रस्ता सांगता सांगता त्यांची फार तारांबळ झाली हो. कोणी नाही का त्यांचं?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने आजोबांचा हात सोडला आणि खाली बघायला लागला, चोरी पकडल्यासारखा.

"म्हणा," वहिनी म्हणाली.

त्याने मानेनेच 'नाही' म्हटलं.

"म्हणा म्हणते ना!"

"वखारीच्या... मागे," दादा म्हणाला. "शिरीषाच्या..." आणि झाडाला हात टेकून उभा राहिला. छातीचा नुसता भाता झाला होता. वाक्य त्याचं स्वतःचं, स्वतः जुळवलेलं, आणि झाडापर्यंतसुद्धा पोचला नाही.

वहिनीने आजोबांना माझ्याकडे सोपवलं आणि चप्पल न घालता रिक्षा आणायला धावली. सुरी झाडातच अडकून राहिली, साल अर्धवट सुटलेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. छातीचा फोटो उजेडासमोर धरून त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं आत जाऊन फुप्फुसं कडक झाली होती. आधी आले असते, यंत्र सोडलं असतं, तर पुष्कळ वर्षं मिळाली असती, म्हणाल्या. आता पंप द्यायचा, ऑक्सिजन लावायचा, जेवढं जमेल तेवढं. मग त्यांनी सरळ मनाने विचारलं, "बोलताना धाप कधीपासून लागते ह्यांना?"

अख्ख्या वस्तीचा दम जिच्या कानात, तिला हे सांगता येईना. शेवटी म्हणाली, "मला माहीत नाही." तिच्या तोंडून ते माझ्याने ऐकवेना, मी बाहेर बाकावर येऊन बसले.

घरी आणल्यावर वहिनी बोलायची बंद झाली. सगळं करायची. उशा रचायची, वेळच्या वेळी पंप द्यायची, अंग पुसायची. पण शब्द नाही. दादा संध्याकाळी काढ्याच्या पेल्याकडे बोट दाखवायचा. ती पेला पालथा घालून ठेवायची. तिचा नियम होता ना. ज्याचं वाक्य पुरं होत नाही त्याला काढा नाही. शेवटी मीच मध्ये पडले. दोघांच्या मधोमध पाट घेऊन बसले आणि म्हटलं, "दादा, तू एक नंबरचा मूर्ख आहेस हे सगळ्यांना कळलंय. आता का ते सांग."

त्याला वेळ लागला. मी मुद्दाम मध्ये बोलले नाही. माझ्यासाठी तेही सोपं नव्हतं.

"तिची आई," तो म्हणाला. मग थांबला. "भिंतीकडे... तोंड करून बसली... ना? तसं हिला... मला..." मग हातानेच 'नको' केलं.

म्हणजे त्याला वाटलं होतं, आपल्यावर तिचा काढा चालत नाही हे कळलं तर ही मोडून पडेल. आईसारखी. म्हणून रोज पेला रिकामा करून "मोकळं" म्हणत होता. सुरुवातीला त्याला वाटलं, जाईल आपोआप. गेलं नाही, तेव्हा शब्द कमी केले. अजून वाढलं, अजून कमी केले.

वहिनी उठून उभी राहिली. "अहो, पण आईने बाबांना पाठवलं नाही!" ती ओरडली. गल्लीत ऐकू गेलं असेल. "मी पाठवलं असतं! मी सगळ्यांना पाठवते! परक्या बायकांना स्वतः नेऊन सोडते, तुम्हाला नसतं नेलं? एवढी वर्षं राहिलात माझ्याबरोबर आणि एवढंही कळलं नाही तुम्हाला? आता मी कुठल्या भिंतीकडे तोंड करू, सांगा ना!"

दादा रडायला लागला. त्याला रडायलाही दम पुरेना, म्हणून ती घाबरून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, "नका, नका, रडू नका, छाती भरून येईल," म्हणत. आणि मग स्वतःच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी पाट उचलला आणि बाहेर आले.

त्या संध्याकाळी तिने त्याला काढा दिला. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, घशाला बरं वाटत असेल तर घेऊ द्या, पण ह्याने आतलं बरं होणार नाही. "ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाली होती. "मी लोकांना हेच सांगते." पेला देताना तिने विचारलं, "कसं वाटतंय?"

"कडू," दादा म्हणाला.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तर हा माणूस परत बोलायला लागला. तुकड्या-तुकड्यांनी. एक गोष्ट सांगायला सकाळ जायची. गप्प असताना साठवून ठेवलेलं सगळं बाहेर काढत होता. वखारीतल्या भांडणात कोण कोणाला काय म्हणालं, मालकाने चष्मा डोक्यावर ठेवून सगळ्या वखारीत कसा शोधला. वहिनी त्याच्या दोन शब्दांच्या मध्ये थांबायची, घाई करायची नाही, पुढचा शब्द सुचवायची नाही. लेक येऊन राहिली. तिला जवळ बसवून त्याने सांगितलं, "फोन... तुझा... आवडायचा. मला... पुरायचं नाही... गं." पोरगी किती रडली असेल, ते मी कशाला सांगू.

आणि रोज सकाळी, तोंड धुऊन झालं की तो ते वाक्य म्हणायचा. कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी म्हणायची, "कशाला दमता?" तो म्हणायचा, "तपासणी... माझी." ती पायाशी बसून डोळे मिटून ऐकायची. कधी बरा दिवस असला तर झाडाखालून पुढे दारापर्यंत पोचायचा आणि तिच्याकडे मिश्कील बघायचा. तापट बाईपर्यंत मात्र कधीच आला नाही. तिथे यायची त्याची फार इच्छा होती, हे दिसायचं. मग दारही सुटलं. मग झाड. पोचण्याची जागा मागे मागे येत गेली. तिला ते कळत होतं, त्यालाही कळत होतं, आणि सकाळी परत तेच.

एका सकाळी तो म्हणाला, "वखारीच्या..." आणि थांबला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वहिनीने डोळे उघडले. आजवर तिने कोणाचं वाक्य कधी पुरं करून दिलं नव्हतं, तो नियमच होता. तिने त्याचा हात हातात घेतला आणि स्वतः म्हणाली. "मागे, शिरीषाच्या झाडाखाली, पत्र्याच्या दाराआड एक तापट बाई राहते आणि तिचा गरीब बिचारा नवरा तिची बोलणी खातो." एका दमात म्हणाली. तो हसला. दुपारच्या आत गेला. वखारीतल्या लोकांनी त्या दिवशी यंत्र बंद ठेवलं. गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

नंतर वहिनीने पत्र्याचं दार लावून घेतलं. लोक यायचे, दार वाजवायचे, परत जायचे. मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. मी दिवसातून कितीदा तरी काही ना काही कारण काढून आत जायची आणि आधी बघायची, ती कुठे तोंड करून बसलीये. भिंतीकडे नसायची. दाराकडे तोंड करून बसलेली असायची. आजोबा आले त्या दिवशी अर्धवट सुटलेल्या सालीची जखम तिने माती लावून बांधली होती, तेवढ्यासाठी मात्र बाहेर यायची. सोबतीला मी तिच्या दारातच शिवणाचं काम घेऊन बसायला लागले. हळूहळू जखमेच्या कडा मिटत आल्या.

मग एक दिवस वखारीचा ट्रक ड्रायव्हर आला. चांगला आडदांड गडी, दादाचा दोस्त. खोकून खोकून डोळे लाल झालेले. दार उघडंच होतं. तो उंबऱ्यापाशी घुटमळला. वहिनी म्हणाली, "म्हण."

त्याने सुरुवात केली. वखार, झाड, पत्र्याचं दार. "...एक तापट बाई राहते," म्हणाला आणि थांबला. मान खाली घातली.

"दम संपला?" वहिनीने विचारलं.

"नाही वहिनी. दम आहे. पण पुढचं... आता मी कसं म्हणू?"

"दम आहे ना? मग म्हण. सुरुवातीपासून. ज्याच्याकडे नव्हता, तो रोज म्हणत होता."

त्याने म्हटलं. भरदार आवाजात, न थांबता, गरीब बिचाऱ्या नवऱ्यासकट, "बोलणी खातो" इथपर्यंत. हसला मात्र नाही. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. त्याची छाती साफ आहे हे मलासुद्धा कळलं, आणि मला काही येत नाही. मी उठून टोपली घ्यायला लागले.

"परत म्हण," वहिनी म्हणाली.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच 'म्हण' म्हटलं. त्याने परत म्हटलं, सगळं, शेवटपर्यंत. वहिनी तशीच बसून राहिली, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी चाललेलं. मग पदराने तोंड पुसून उठली, खुंटीवरची सुरी काढली आणि झाडाकडे गेली.